मदत हवी: फोल्डर डोळ्यांसमोर आहे, शोधल्यावर सापडत नाही (टर्मिनलमधला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतला फाइल ब्राउझर)

बारवभटक्या
दोन तास झाले, आता वैताग आलाय. ‘पायऱ्या’ नावाचा फोल्डर समोर दिसतोय. स्लॅश दाबून ‘पाय’ टाकलं की सापडतो, पूर्ण ‘पायऱ्या’ टाकलं की काहीच नाही. काही गावांच्या फोल्डरात मात्र नीट सापडतो. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, तरी तेच. रविवारपर्यंत सगळे फोटो लावून द्यायचे आहेत. कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा.

नीलकंठ_
कुठला प्रोग्राम? रेंजर, एनएनएन, एलएफ, व्हीआयएफएम, याझी? फाइली तुझ्याच मशीनवर आहेत की दुसरीकडे? कीबोर्ड कुठला?

अण्णा५८
मी मिडनाइट कमांडरशिवाय काही वापरत नाही. १९९४ पासून आहे तो. त्याआधी डॉसवर नॉर्टन कमांडर होता, १९८६ चा. दोन खिडक्या, एफ५ ने कॉपी, एफ६ ने हलवणं. बोटांना एकदा सवय लागली की माउस आठवतही नाही. तुम्हीही तोच घ्या, असले प्रश्न पडणार नाहीत.

बारवभटक्या
रेंजर. घरच्या सर्व्हरवर, एसएसएच करून (नेटवर्कवरून टर्मिनल जोडून). लिनक्स आहे. कीबोर्डचा काय संबंध?

सह्याद्री_शेल
रेंजरमधून बाहेर पडल्यावर शेल (टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्राम) जुन्याच फोल्डरात राहतं, तो त्रास आहे ना? कारण रेंजर ही शेलच्या पोटातली वेगळी प्रक्रिया आहे, आणि लेकराला आईचा चालू फोल्डर बदलता येत नाही. ‘चूजडिर’ हा पर्याय देऊन शेवटचा फोल्डर एका फाइलीत लिहून घ्यायचा आणि शेलच्या फंक्शनमधून तिथे सीडी करायचं (त्या फोल्डरात जायचं). एनएनएन, एलएफ, याझी सगळ्यांना हीच युक्ती लागते.

बारवभटक्या
दादा, हे मी विचारलेलंच नाही. मला शोध चालायला हवा आहे.

टर्मिनलवेडा
रेंजर पायथनमध्ये आहे, हजारो फाइली असल्या की धापा टाकतो. याझी घे. रस्टमध्ये लिहिलंय, सगळं असिंक्रोनस (एक काम दुसऱ्यासाठी अडून बसत नाही), फोटोसुद्धा टर्मिनलमध्येच दिसतात. मी वर्षभर वापरतोय, परत मागे वळून पाहिलं नाही.

नीलकंठ_
याझी चांगलंच आहे, पण इथे प्रश्न वेगाचा नाही. याझीतही हा फोल्डर सापडणार नाही. @बारवभटक्या, हे फोल्डर कुणी आणि कुठल्या मशीनवर बनवले? आणि सापडणारा व न सापडणारा ‘पायऱ्या’ टर्मिनलमध्ये तंतोतंत सारखे दिसतात का?

बारवभटक्या
आम्ही तिघं आहोत. बारवांचे फोटो काढतो, गावागणिक एक फोल्डर आणि आत ‘पायऱ्या’, ‘देवकोष्ठ’ (भिंतीतले देवाचे कोनाडे), ‘शिलालेख’, ‘तोंड’ असे. एकाकडे जुना मॅक, दुसऱ्याकडे विंडोज, मी लिनक्सवर. दिसायला सारखेच... थांबा, नाही. काहींमध्ये र च्या खाली टिंब दिसतं, काहींमध्ये नाही. मला वाटलं फॉन्टची गडबड असेल, म्हणून लिहिलं नाही.

नीलकंठ_
तीच तर मेख आहे! ‘ऱ्या’ तीन तऱ्हांनी लिहिला जातो.

एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (यूनिकोड ०९३१) आणि पुढे हलन्त. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की हेच येतं. दोन, र (०९३०), त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब (०९३सी), मग हलन्त. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क नावं अशी सुटी करून ठेवायची. २०१७ मध्ये आलेली मॅकची नवी एपीएफएस डिस्क तसं करत नाही. तीन, साधा र, हलन्त आणि मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह (२००डी). रोमनमधून मराठी टाइप करणारी काही साधनं असंच लिहितात, आणि त्यात टिंब नसतं.

लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कला नाव म्हणजे नुसती बाइटची माळ. रेंजर तू टाइप केलेली माळ त्या माळेशी ताडून बघतो. ‘पाय’पर्यंत माळ एकच, ‘ऱ्या’पाशी फाटे फुटतात. एलएस (यादी देणारी कमांड) चं आउटपुट डब्ल्यूसी (मोजणारी कमांड) ला देऊन प्रत्येक नावाचे बाइट मोज, ओळ संपवणारा एक बाइट वजा करून.

बारवभटक्या
मोजले. सापडतो त्याचे २१, न सापडणाऱ्यांचे २४. पण २४ वाल्यांतच काहींना टिंब आहे, काहींना नाही.

नीलकंठ_
बरोबर. पहिल्यात सात अक्षरं (काना, हलन्तही वेगळे धरून), दर अक्षरी तीन बाइट, म्हणून २१. बाकी दोन्हींत एक अक्षर जास्त, म्हणून २४. टिंबवाले मॅकवरून आलेत, बिनटिंबवाले बहुधा विंडोजवाल्याचे.

गोयंकार
म्हणूनच मी फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवतो. देवनागरी नावं टर्मिनलमध्ये नीट दिसतही नाहीत, मात्रा भलतीकडे जातात, रकाने सरकतात.

मधुरा_क
मुळीच पटलं नाही. गावाचं नाव गावकऱ्यांना वाचता आलं पाहिजे. रोमनमध्ये ‘वड’ आणि ‘वाड’ एकसारखे दिसतात, तो गोंधळ कुणी निस्तरायचा? अक्षरं नीट जुळवणारं टर्मिनल घ्या, एमएलटर्म आहे ना. भाषा का बदलायची?

गोयंकार
ताई, भाषा बदला म्हटलं नाही मी. फक्त फाइलीचं नाव. आतला मजकूर मराठीतच असू दे.

अण्णा५८
देवकोष्ठांचे फोटो आहेत का? आमच्या गावच्या बारवेत दोन आहेत, एकात गणपती आहे. कुणी नोंद केली असेल तर बघायला आवडेल.

मधुरा_क
मूळ प्रश्नाबद्दल: ‘कॉन्व्हएमव्ही’ हे नावांचं लिखाण बदलणारं साधन वापरा. यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच, ‘एनएफसी’ (सुटी चिन्हं एका अक्षरात जोडणारा) पर्याय देऊन आणि आतल्या फोल्डरांसकट. आधी तो नुसतं काय बदलेल ते दाखवतो. ‘नोटेस्ट’ दिल्याशिवाय एकही नाव बदलत नाही, तेव्हा यादी नीट वाचा. त्याने दोन नंबरची तऱ्हा एक नंबरची होईल. झेडडब्ल्यूजेवाली मात्र तशीच राहील, कारण यूनिकोडच्या हिशेबात ते वेगळंच लिखाण आहे. ती रेंजरच्या ‘बल्करिनेम’ने (एकदम अनेक नावं बदलायच्या कमांडने) करा: फोल्डर निवडा, यादी एडिटरमध्ये उघडेल, र-हलन्त-झेडडब्ल्यूजे बदलून ऱ-हलन्त करा. सेव्ह केल्यावर तो करणार असलेल्या एमव्ही (नाव बदलायच्या) कमांड दाखवतो, त्याही एकदा वाचा. आणि बॅकअप!

नीलकंठ_
आणखी एक. एका गावात दोन तऱ्हांचे ‘पायऱ्या’ शेजारी-शेजारी असतील तर दोघांचं नाव एक होऊन टक्कर होईल. आधी ते एकत्र कर. पुढे मॅकवरून फोल्डर आरसिंकने (कॉपी करायच्या साधनाने) आणशील तेव्हा ‘आयकॉन्व्ह’ पर्याय लाव, म्हणजे नावं येतानाच जुळतील.

बारवभटक्या
झालं! कॉन्व्हएमव्हीने ३७ नावं बदलली, बल्करिनेमने ११. दोन गावांत खरंच दोन-दोन ‘पायऱ्या’ निघाले. एकात वरच्या टप्प्याचे फोटो, दुसऱ्यात पाण्यालगतचे. आम्हाला वाटत होतं पाण्यालगतचे काढायचे राहून गेले, पुन्हा जायचं ठरवत होतो. नीलकंठ, मधुराताई, मनापासून आभार.

आता एकच. मराठी कीबोर्ड चालू राहिला की जे, के ने वर-खाली जाता येत नाही. दर वेळी इंग्रजीवर यावं लागतं.

नीलकंठ_
इनस्क्रिप्टवर जे म्हणजे र, के म्हणजे क, म्हणून. रेंजरच्या आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत र ला खाली आणि क ला वर जायचं काम दे. एच-एलच्या (फोल्डरच्या बाहेर-आत जायच्या कळांच्या) जागी प आणि त. नाहीतर बाणाच्या कळा आहेतच, त्या कुठल्याही कीबोर्डवर चालतात.

टर्मिनलवेडा
याझीच्या कीमॅप फाइलीतही हे करता येतं.

बारवभटक्या
र, क, प, त लावले, चालतंय. अण्णा, तुमच्या गावाचं नाव व्यनि करा. आमच्याकडे नोंद नसेल तर येतो फोटो काढायला.