अलार्म पॅनेलचा पिवळा दिवा लाइट आल्यावरही जात नाही, हॉलमधला सेन्सर उगाच लुकलुकतो

कर्वेनगर_तिसरा_मजला
आई-बाबांच्या फ्लॅटमध्ये ८ झोनचं (म्हणजे सेन्सरच्या आठ वेगळ्या लाइनींचं) वायर्ड अलार्म पॅनेल आहे. २०२० मध्ये बसवलंय, आतली बॅटरी तेव्हाचीच. गुरुवारी दुरुस्तीसाठी चार तास लाइट नव्हती. लाइट आल्यावर कीपॅडवरचा हिरवा एसी दिवा लागला, पण पिवळा ट्रबलचा दिवा जातच नाही. शिवाय दुपारी हॉलमध्ये कुणी नसताना मोशन सेन्सरचा लाल दिवा लुकलुकतो. स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमधला धुराचा डिटेक्टरही साधारण पाऊण मिनिटाने एकदा लाल चमकतो. यातलं काळजीचं काय आणि नेहमीचं काय?

वायरमन_सदाशिव
आधी पिवळ्याचं बघू. हा दिवा कुठला एक ठरावीक बिघाड दाखवत नाही. काहीही बिनसलं की पॅनेल तोच लावतं. नेमकं काय बिनसलं ते कीपॅडला विचारावं लागतं. डीएससी कंपनीचं पॉवरसीरीज पॅनेल असेल, तर अलार्म डिसआर्म (पहारा बंद) असताना स्टार आणि मग २ दाबा. झोनच्या ज्या आकड्याचा दिवा पेटेल तो तक्रारीचा नंबर: १ सर्व्हिस, २ मेन सप्लाय नाही, ३ टेलिफोन लाइन, ४ संदेश पोचला नाही, ५ झोनचा दोष, ६ टॅम्पर (एखादं झाकण उघडं), ७ वायरलेस सेन्सरची बॅटरी, ८ घड्याळ. १ आला तर तिथेच परत १ दाबा. त्यात पुन्हा १ पेटला, तर पॅनेलची बॅटरी उतरलेली आहे.

८ वर खास लक्ष ठेवा. वेळ चुकली, एवढ्यावर लोक तो सोडून देतात. पण पॅनेलचं घड्याळ जातं ते मेन आणि बॅटरी दोन्ही गेल्यावर. म्हणजे त्या चार तासांत निदान काही वेळ घराला अलार्म नव्हताच. १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) धड बॅटरी असेल आणि पॅनेल, कीपॅड, तीन-चार सेन्सर मिळून २०० मिलीअँप घेत असतील, तर हिशेबाने ३५ तास निघतात. त्यातून बरंच वजा केलं तरी चार तास म्हणजे काहीच नाही.

कर्वेनगर_तिसरा_मजला
डीएससीच निघालं. १ आणि ८ दोन्ही पेटले, १ च्या आत परत १. बॅटरी मी स्वतः बदलू शकते का? मीटर आहे माझ्याकडे. बॅटरीवर १३.७ दाखवतोय, म्हणून गोंधळ उडालाय.

वायरमन_सदाशिव
ताई, ते १३.७ चार्जरचे आहेत, बॅटरीचे नाहीत. चार्जर जोडलेला असला की मेलेली बॅटरीही ऐटीत १३.७ दाखवते. लाल वायर काढून अर्ध्या तासाने मोजा. भरलेली बॅटरी १२.७ च्या आसपास असते, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. खरी परीक्षा लोडवर. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी बॅटरीला लावा आणि मीटर लावून ठेवा. चांगली बॅटरी पाच मिनिटांनंतरही १२ च्या वर राहते. गेलेली असेल तर आकडा डोळ्यांदेखत उतरतो आणि ११ च्या खाली जातो. २०२० ची बॅटरी असेल तर निकाल मला आत्ताच माहीत आहे. या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांच्या, आणि बंद पेटीत ट्रान्सफॉर्मरच्या उबेला बसलेल्या तीनच.

बदलता येईल, फक्त क्रम पाळा. आधी वॉचमन आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा, कारण पेटीचं झाकण उघडताच टॅम्परमुळे सायरन वाजू शकतो. वाजला तर कोड टाकून बंद करा. मग पॅनेलचा मेन सप्लाय बंद करा. पेटीत २३० व्होल्टची वायर येते, त्या बाजूला हात नको. सप्लाय एमसीबीवरूनच बंद केलेला बरा. बॅटरीची काळी वायर काढा, मग लाल. नवीन घेताना ७ एएचएवढंच बघून भागत नाही, टर्मिनलची पट्टीही बघा: काहींची ४.७५ मिमी रुंद असते, काहींची ६.३५. मोठी क्लिप छोट्या पट्टीवर ढिली बसते आणि महिन्याभरात पिवळा दिवा परत. तापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रिकल सामानाचा बाजार) जाताना जुनी बॅटरी सोबत न्या: माप जुळतं आणि दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो. तिच्यात शिसं असतं, कचऱ्यात टाकायची नाही.

लावताना लाल आधी, मग काळी. उलटी लागली तर निदान फ्यूज तरी उडतो. मग मेन चालू. घड्याळासाठी स्टार, ६, मास्टर कोड, १, नंतर तास-मिनिटं चार आकड्यांत, मग महिना-दिवस-वर्ष. महिना आधी! इथे हमखास चुकतं. शेवटी हॅश. बॅटरीची तक्रार लगेच गेली नाही तर एक रात्र चार्ज होऊ द्या. दुसऱ्या दिवशी मेन पंधरा मिनिटं बंद करून बघा. हिरवा दिवा गेला पाहिजे आणि कीपॅड जिवंत राहिला पाहिजे.

सिंहगड_रोड_सेफ्टी
सेन्सर आणि डिटेक्टरचं मी सांगतो.

धुराच्या डिटेक्टरचा ३० ते ६० सेकंदांनी एकदा चमकणारा लाल दिवा ही त्याची हजेरी आहे, 'मी चालू आहे' एवढंच. त्याच्यासोबत चिमणीसारखा एकच 'चिक' आवाज आला तर आतली ९ व्होल्टची बॅटरी बदला. लाल अखंड जळतोय किंवा भराभर लुकलुकतोय आणि भोंगा चालू, तर तो अलार्म. मुळीच चमकत नसेल तर मात्र काळजी करा, आणि हीच गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. शेगडीपासून निदान ३ मीटर लांब हवा, नाहीतर फोडणीला वाजतो आणि वैतागून लोक बॅटरीच काढून टाकतात. स्वयंपाकघरात लावायचाच असेल तर साधारण ५७ अंशांवर चालणारा हीट डिटेक्टर लावा. धुराच्या डिटेक्टरचं आयुष्य १० वर्षं धरतात, मागे छापलेली तारीख बघा.

मोशन सेन्सरचा लाल दिवा म्हणजे त्याला उष्णतेची हालचाल दिसली. लाइट आल्यावर पहिलं मिनिटभर तो स्थिरावताना लुकलुकतो, ते सोडून द्या. दुपारचं कारण शोधायला भिंगावर जाड पुठ्ठा चिकटवा. लुकलुकणं थांबलं तर समोर खरोखर काहीतरी आहे: बाल्कनीतून फरशीवर येणारं ऊन, हलणारा पडदा, भिंतीवरची पाल. थांबलं नाही तर दोष आतला किंवा वायरचा. मग सेन्सरच्या प्लस-मायनसवर व्होल्टेज मोजा, बहुतेकांना ९ ते १६ लागतात. आणि वायर जिथून आत येते ते भोक बघा. पावसाळ्यात तिथून मुंग्या शिरतात. साफ करून भोक सिलिकॉनने बुजवा.

कर्वेनगर_तिसरा_मजला
पुठ्ठ्याने थांबलं. पश्चिमेची बाल्कनी, दुपारी तीननंतर ऊन थेट समोरच्या फरशीवर. सेन्सरचा दिवा जंपर (आतल्या दोन पिना जोडणारी छोटी क्लिप) काढून बंदच करून टाकू का?

सिंहगड_रोड_सेफ्टी
जंपरने फक्त दिवा विझेल. सेन्सर आत झोन उघडतच राहील आणि अलार्म लावून बाहेर पडलात की खोटा सायरन होईल. आधी जागा बदला: बाल्कनीच्या भिंतीच्याच कोपऱ्यात, २.१ ते २.४ मीटर उंचीवर, तोंड खोलीकडे, म्हणजे काच त्याच्या पाठीशी येईल. मग अलार्म डिसआर्म ठेवून खोलीत आडवे चाला. प्रत्येक फेरीला दिवा लागला पाहिजे. हे सगळं झाल्यावर जंपर काढलात तर उत्तमच, चोराला सेन्सरची हद्द कळत नाही.

बाणेर_गॅस_फिटिंग
विषय निघालाच आहे तर आई-बाबांकडे गॅस डिटेक्टर आहे का तेही बघा. सिलिंडरवरून पाइप गॅसवर आलेल्या घरांत तो बहुधा जुन्याच जागी राहतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो फरशीपासून ३० सेंमीवर लागतो. पाइपचा गॅस हलका असतो, त्यामुळे छतापासून ३० सेंमी खाली हवा, आणि डिटेक्टरही मिथेन ओळखणारा हवा. लाइट आल्यावर काही मिनिटं त्याचा दिवा लुकलुकतो, सेन्सर गरम होत असतो. त्यानंतरही लाल राहिला आणि वास येत असेल, तर एकही बटण चालू-बंद करू नका. व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा आणि फोन घराबाहेर जाऊन करा. सिलिंडर असेल तर १९०६ वर.