घरामागच्या नवीन टाकीतलं पाणी हिरवंगार झालंय, मदत हवी आहे

अंगणवाला:

नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या जरा बाहेर घर आहे, मागे मोकळी जागा होती तिथे संक्रांतीनंतर गवंड्याकडून माशांची टाकी बांधून घेतली. ८ बाय ५ फूट, खोली अडीच फूट, वीट-सिमेंटची, आतून वॉटरप्रूफिंगचं प्लास्टर, रंग वगैरे नाही. पाणी बोअरचं. दहा गोल्डफिश, सहा छोटे कोई (कार्प जातीचे रंगीत मासे) आणि एक कारंज्याचा पंप एवढंच आहे सध्या. पहिले काही दिवस पाणी असं नितळ की तळाचं प्लास्टर दिसत होतं, पोरं तिथून हलायला तयार नव्हती. मग हिरवट झाक आली आणि आता तर पालकाचं सूप झालंय, खाणं टाकलं की तेवढी केशरी तोंडं वर दिसतात, बाकी मासे आहेत का गेले काही कळत नाही. मासे दिले त्या दुकानदाराने सांगितलं सगळं पाणी काढून नवीन भरा, तसं केलं, दोन दिवस छान आणि परत तेच, परत केलं परत तेच. वर एक निळ्या थेंबांची बाटली गळ्यात मारली ती वेगळीच. दोन गोल्डफिश गेले. पहाटे बघितलं तर बाकीचे पण वर येऊन आ वासून असतात. शेजारचे काका म्हणतात तुरटी फिरव, आई म्हणते डास होतील बुजवून टाक आणि तुळस लाव. मला बुजवायची नाहीये. नेमकं काय चुकतंय, फिल्टर लागतोच का, लागत असेल तर केवढा, आणि पाणी स्वच्छ व्हायला किती दिवस धरायचे? ज्यांनी घरी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

निळाशार:

आधी एक करा. काचेच्या ग्लासात टाकीतलं पाणी भरा आणि रात्रभर ओट्यावर तसंच ठेवा. सकाळी खाली गाळ बसून वरचं नितळ झालं तर माती आहे, तसंच हिरवं राहिलं तर पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ आहे. दोन्हीचे उपाय एकदम वेगळे. आणि हे सांगा, ऊन किती वेळ पडतं? खाणं किती घालता?

अंगणवाला:

ग्लास तसाच हिरवा आहे, खाली काहीच बसलं नाही. ऊन सकाळी दहा ते चार, मार्चचं आहे त्यामुळे चांगलंच कडक. खाणं मी सकाळ-संध्याकाळ मूठ मूठ घालतो, शिवाय पोरं येता-जाता घालतात त्याचा हिशोब नाही :)

गावठी_इंजिनीअर:

मग उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे की दादा. ऊन भरपूर, खाणं भरपूर, फिल्टर नाही, झाड नाही. शेवाळाला अजून काय पाहिजे?

जरा सविस्तर सांगतो कारण दुकानदार हे कधी सांगत नाहीत. मासे शी करतात, कल्ल्यातून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून अजून अमोनिया होतो. जुन्या टाकीत याची व्यवस्था लावणारे जिवाणू दगडांवर, फिल्टरमध्ये, भिंतीच्या बुळबुळीत थरात बसलेले असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट करते. पहिले दोन विषारी, नायट्रेट त्यामानाने बरंच निरुपद्रवी, ते झाडं खातात. ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तुम्ही ती बसायच्या आतच दर वेळी सगळं उपसून टाकताय. पाणी बदललं की दोन दिवस नितळ दिसतं ते फक्त शेवाळ पातळ झाल्यामुळे. हिरवं पाणी दिसायला घाण पण ते स्वतः विषारी नाही, उलट अमोनिया तेच खातंय. मासे मेले ते हिरव्या रंगाने नाही मेले.

पहाटे आ वासतात त्याचं कारण ऑक्सिजन. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ऑक्सिजन ओढतं, त्यामुळे पहाट सगळ्यात वाईट वेळ. कारंजं रात्री बंद करत असाल तर आजपासून चालू ठेवा. एअर पंप आणून दोन एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे दगड) तळाला सोडलेत तर अजून बरं.

तुमची टाकी १०० घनफूट, म्हणजे २८०० लिटरच्या आसपास. एवढं पाणी तासा-दोन तासात एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे, म्हणजे तासाला २००० लिटरचा पंप धरा. फिल्टर विकत नका घेऊ. २०० लिटरचं निळं पिंप भंगारवाल्याकडे मिळतं, केमिकलचं नको, खाण्याच्या तेलाचं किंवा सरबताचं बघून घ्या. पाणी खालून आत, वरून बाहेर. तळाला जागा रिकामी सोडा तिथे गाळ बसतो, त्यावर फोमचे जाड तुकडे, त्यावर भांडी घासायच्या नायलॉनच्या घासण्या खच्चून नाही, सैल भरायच्या. तळाला एक व्हॉल्व्ह ठेवा गाळ काढायला. फोम धुवायचा तर टाकीच्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली घासून चकाचक केलात तर क्लोरीनने जिवाणू गेले आणि मेहनतही गेली.

आणि टेस्ट किट आणा. अमोनिया आणि पीएच (पाणी आम्ल आहे का अल्कली ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मध्य) तरी. त्याशिवाय सगळं अंदाजपंचे.

पाणकोंबडी:

वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त झाडांचं राहिलं. कमळापेक्षा कुमुदिनी घ्या, कमळ एवढ्याशा टाकीत पसरून बसतं. पसरट कुंडीत शेतातली काळी माती, शेणखत अजिबात नाही, वर दोन बोटं खडी, नाहीतर कोई माती उकरून सगळीकडे करतात. निम्म्याहून जास्त पृष्ठभाग पानांनी झाकला की शेवाळाचा जोर कमी होतोच. तोवर ग्रीन नेट बांधा दुपारच्या उन्हाला. फक्त कुणी फुकट देतंय म्हणून जलपर्णी आणू नका हो, पंचगंगा आणि इंद्रायणीचं काय झालंय बघतोच आपण, तुमच्या टाकीतून ओढ्यात गेली तर निस्तरणार कोण.

आईंना सांगा, मासे असलेल्या टाकीत डास होत नाहीत, अळी दिसली की मासे फस्त करतात. डास होतात ते झाकण नसलेल्या ड्रममध्ये आणि कुंड्यांखालच्या बशांमध्ये. अगदीच वाटलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गप्पी मासे मिळतात का विचारा, बऱ्याच ठिकाणी फुकट देतात. फक्त ते पण विहिरी-ओढ्यात नका सोडू.

अंगणवाला:

किट आणलं. छोट्या नळीत पाणी, मोजून थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबून रंग जुळवायचा, पोरीने ते काम ताब्यात घेतलंय. अमोनिया १ च्या रंगाला. पीएच सकाळी सहाला ८.४, दुपारी तीनला चार्टवरचा शेवटचा रंग म्हणजे ८.८, कदाचित त्याच्याही वर. हे वाईट आहे का?

गावठी_इंजिनीअर:

हो, आणि मासे का गेले ते इथे आहे. अमोनिया सगळाच सारखा विषारी नसतो, पीएच जितका वर तितका त्यातला विषारी भाग जास्त. २५ अंश तापमानाला पीएच ७ ला एक टक्कासुद्धा नाही, ८ ला पाच टक्क्यांच्या आसपास, आणि ९ ला एकतृतीयांशाच्या वर. म्हणजे तोच १ चा आकडा सकाळी त्रास देईल आणि दुपारी जीव घेईल.

आता पीएच वर का? दुपारी चढतो तो शेवाळामुळे, ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. पण पहाटेलाही ८.४ आहे म्हणजे मला तरी प्लास्टरचा चुना पाण्यात उतरतोय असं वाटतं. बोअरचं पाणी बादलीत काढून एक दिवस ठेवा आणि तपासा, ते ७.५ निघालं तर दोष सिमेंटचाच. टाकी बांधल्यावर क्युअर केली होती का, म्हणजे भरून ठेवून, ओतून, परत भरून?

अंगणवाला:

बोअरचं ७.६ आलं. क्युअर म्हणजे गवंड्याने आठवडाभर पाणी मारलं तेवढंच.

गावठी_इंजिनीअर:

ते प्लास्टर पक्कं व्हायला. चुना काढायला वेगळं. मासे मोठ्या पिंपात किंवा सिंटेक्सच्या टाकीत हलवा, एअर पंप लावून, वरून जाळी, कोई उड्या मारतात. टाकी रिकामी करून भिंती पांढऱ्या व्हिनेगरने ब्रशने घासा, धुवा, भरा, तीन-चार दिवसांनी ओता. असं तीन वेळा करून परत पीएच बघा.

खडकवासलेकर:

आमच्याकडे केळीचा खुंट कापून टाकायचे नवीन टाकीत, आठवडाभर.

गावठी_इंजिनीअर:

टाकतात, कुजताना आम्ल निघतं त्याने थोडा फरक पडतो. पण कुजताना ऑक्सिजनही खातो, त्यामुळे मासे आत असताना बिलकुल नाही. आणि तुरटीचं तेच सांगतो काकांना, हिरवं खाली बसेल पण पीएच झटक्यात खाली येऊ शकतो, शिवाय बसलेलं तिथेच कुजून परत अमोनिया. मासे आत असताना नको.

निळाशार:

पिंपात मासे असताना रोज चौथा हिस्सा पाणी बदला आणि खाणं दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. बोअरचं पाणी थेट पाइपने नका सोडू, ताज्या बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो, उंचावरून फवारा करून सोडा. नायट्राइट चढलं तर हजार लिटरला एक किलो खडे मीठ, आयोडीनचं नाही. आणि मित्राकडे चालू फिश टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा जुना स्पंज आणून तुमच्या फिल्टरच्या पिंपात टाका, जिवाणू आयते मिळतात, निम्मा वेळ वाचतो.

अंगणवाला:

सगळ्यांना खूप धन्यवाद, मासे हलवले, व्हिनेगरची पहिली धुलाई झाली, फिल्टरच्या पिंपासाठी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. एक शेवटचं, यूव्ही लाइटने पाणी आठवड्यात क्लिअर होतं म्हणतात, तो घेऊ का? आणि लाइट बिल किती वाढेल?

पाणकोंबडी:

होतं क्लिअर, ९-११ वॉटचा पुरेल, पण तो फक्त तरंगणारं शेवाळ मारतो, अमोनिया तिथेच राहतो. आधी फिल्टर चालू करा, झाडं लावा, महिन्या-दीड महिन्याने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतायत आणि तरी पाणी हिरवंच असेल तर घ्या. नळी साधारण वर्षाने बदलावी लागते, पेटलेली दिसते पण जोर गेलेला असतो.

गावठी_इंजिनीअर:

बिलाचं, ४० वॉटचा पंप चोवीस तास म्हणजे दिवसाला जेमतेम एक युनिट. लाइट जाते तिकडे, तर बॅटरीवरचा एअर पंप एक घेऊन ठेवा, फिल्टरमधलं पाणी तासन्‌तास थांबलं तर जिवाणू गुदमरतात. आणि पंपाची लाइन आरसीसीबीवरूनच (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) घ्या, घरात पोरं आहेत. पोरांसाठी म्हणून टाकीवर लोखंडी जाळी टाकलीत तर खंड्या आणि ढोकरी या मासे खाणाऱ्या पक्ष्यांचा पण बंदोबस्त होईल, पाणी स्वच्छ झालं की ते येणारच.

अंगणवाला:

ढोकरी आत्ताच कंपाउंडवर बसलेली असते रोज. जाळीचं माप घेतो उद्या. कुमुदिनी साताऱ्यात कुठल्या नर्सरीत मिळेल कुणाला माहीत आहे का?