लाकडी फ्रेमचं घर: पैसे भिंतीच्या जाडीत घालू की आणखी कशात?

नवंघर:
नमस्कार मंडळी, लाकडी फ्रेमचं दोन मजली घर बांधायचं चाललंय, डिझाइन अजून कागदावरच आहे म्हणून आत्ताच विचारतोय. आर्किटेक्ट म्हणतात १४० मिमीच्या स्टडमध्ये (फ्रेमच्या उभ्या लाकडी खांबांमध्ये) मिनरल वूल (दगड किंवा काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन) भरलं की पुरे, मला वाटतंय भिंत अजून जाड करावी म्हणजे हीटर आणि एसी दोन्ही कमी लागतील. बजेट मोजकंच आहे. आणि लाकडी घर उन्हाळ्यात लवकर तापतं म्हणतात ते खरं का?

सुतारपक्षी:
जाडी वाढवा, पण स्टड मोठे करून नको. मिनरल वूलची उष्णतावहनक्षमता ०.०३५ ते ०.०४० (वॅट प्रति मीटर-केल्विन) आणि लाकडाची साधारण ०.१३, म्हणजे प्रत्येक स्टडमधून उष्णता तिपटीहून जास्त पळते, आणि स्टड, वरखालच्या पट्ट्या, खिडक्यांभोवतीची चौकट सगळं धरलं तर भिंतीचा सहज १५ टक्के भाग नुसतं लाकूडच असतं. त्यापेक्षा १४० चेच स्टड ठेवा आणि बाहेरून सलग ६० मिमी वुडफायबर बोर्ड (लाकडाच्या तंतूंचा इन्सुलेशन बोर्ड) लावा, स्टड झाकले जातात. कोपऱ्यात तीन-तीन स्टड ठोकायची सवय असते ती पण आधीच ड्रॉइंगमध्ये तपासा, तिथे इन्सुलेशनला जागाच उरत नाही.

उंबरठा:
वरचं सगळं बरोबर, पण माझं ठाम मत आहे की पहिले पैसे हवाबंदपणावर घाला. फटीतून जाणारी हवा नुसती उष्णता नेत नाही, घरातली वाफही भिंतीत नेते, आणि ती थंड जागी पोचली की पाणी होतं. लाकडाची ओल २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कुजण्याची भीती सुरू. म्हणून आतल्या बाजूने मेम्ब्रेन (हवा आणि वाफ अडवणारा पातळ पडदा) लावून जोड टेपने बंद करा, त्याच्या आत ४०-५० मिमीची पोकळी सोडा आणि वायरिंग, स्विचबोर्ड सगळं त्या पोकळीत करा म्हणजे इलेक्ट्रिशियनला मेम्ब्रेन भोसकावंच लागणार नाही. ब्लोअर डोअर टेस्ट (दारात पंखा लावून घर किती गळतं ते मोजायची चाचणी) आतले बोर्ड लावायच्या आधी घ्या, नंतर फट सापडली तरी हात पोचत नाही. पॅसिव्ह हाऊसची (अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या मानकाची) मर्यादा ५० पास्कल दाबफरकाला तासाला ०.६ हवाबदल, म्हणजे घरातल्या हवेच्या ०.६ पट गळती, अशी आहे, तिथवर नाही गेलात तरी लक्ष्य तेच ठेवा.

नवंघर:
उंबरठा, मेम्ब्रेन आतूनच का? आणि एवढं बंद घर कोंदट नाही का होणार?

उंबरठा:
वाफ उबेकडून थंडीकडे जाते, म्हणून थंड हवेच्या जागी वाफ अडवणारं मेम्ब्रेन आतून. गरम दमट हवेत एसी चालवत असाल तर दिशा उलटते, तेव्हा आतून प्लास्टिक लावलं तर ओल त्याच्याच मागे अडकते. दोन्ही ऋतू तीव्र असतील तर ओलीप्रमाणे कमीजास्त वाफ सोडणारं मेम्ब्रेन घ्या. कोंदटपणासाठी उष्णता परत मिळवणारं व्हेंटिलेशन हवंच, ते सोडून नुसतं घर बंद करू नका. बाहेरच्या आवरणामागे वारा खेळती जागाही सोडा, आत शिरलेला पाऊस वाळायला.

खिडकीवाली:
उन्हाळ्याचं मी सांगते. लाकडी फ्रेम हलकी असते, उष्णता साठवून धरत नाही, म्हणून तापते लवकर हे खरं, पण बहुतेक वेळा दोष काचेचा असतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला असाल तर दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा पुरतो कारण उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, पश्चिमेचं ऊन मात्र तिरकं येतं, तिथे छज्जा काही कामाचा नाही, बाहेरून झडप किंवा पट्ट्यांचं शटर लागतं, आतला पडदा उशीर झाल्यावर अडवतो. पश्चिमेच्या खिडक्या लहानच ठेवा. छतात वुडफायबर घातलंत तर दुपारची उष्णता कित्येक तास उशिरा आत येते, तोवर रात्रीचा वारा सुरू झालेला असतो. रात्री उघड्या ठेवता येतील अशा समोरासमोरच्या खिडक्या ड्रॉइंगमध्ये आहेत का बघा, नसतील तर आत्ताच घालून घ्या.