वडिलांचा वाचायचा चष्मा आपोआप सुटला, पण लांबचं दिसेना. मदत हवी आहे

आम्ही निफाड तालुक्यातले, माझी नोकरी सातपूरला. वडील 61 वर्षांचे, द्राक्षबाग बघतात, मधुमेह जुना. चाळिशीचा चष्मा वर्षानुवर्षं होता, पण दिवाळीपासून पेपर बिनचष्म्याचा वाचतायत. आई म्हणते शेवग्याचा पाला लागू पडला. मला काही ते पटत नाही, कारण एसटीची पाटी गाडी पुढ्यात आल्याशिवाय त्यांना लागत नाही, आणि रात्री पिंपळगाव मार्केटहून परतताना आग्रा हायवेवर समोरच्या लाइटभोवती वलयं दिसतात म्हणे. (तरी पिकअप स्वतःच चालवणार!) दुखणं, लाली काही नाही. दुकानातून नवा नंबर करून आणला, तोही लगेच लागेनासा झाला.

हा मोतीबिंदू, साखर की काचबिंदू? त्यांचं म्हणणं, खरड छाटणी झाली की बघू, आणि मोतीबिंदू असलाच तर पिकू दे.

प्रतिसाद १
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. लक्षणं मोतीबिंदूकडे बोट दाखवतात. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होत गेला की उणे नंबर (लांबचं न दिसण्याचा) चढतो, म्हणून जवळचं बिनचष्म्याचं दिसतं. पुढे तेही धूसर होतं. साखर वाढली की भिंग फुगूनही उणे नंबर येतो, पण तो साखरेबरोबर वरखाली होतो. तेव्हा आधी तीन महिन्यांची साखर तपासा. ती ताब्यात येऊन काही आठवडे जाईपर्यंत नवा चष्मा करू नका, पैसे पाण्यात.

काचबिंदू बहुतेकदा न दुखता कडेची नजर खातो, त्यामुळे डोळ्याचा दाब आणि नस बघायलाच हवी. वलयांसोबत डोळा लाल होऊन ठणकला, उलटी झाली, किंवा अचानक काळे ठिपके, चमका, पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर छाटणी-बिटणी सोडून त्याच दिवशी दवाखाना.

मधुमेह्यांनी दिसत असलं तरी वर्षातून एकदा थेंब घालून बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा तपासायचा असतो. थेंबांनी काही तास धूसर दिसतं, सोबत कुणीतरी जा.

पिकू देणं जुनं झालं. आता भिंग आतच फोडून ओढून घेतात, पिकून कडक झालं तर तेच अवघड जातं.

धागाकर्ता
आभार. जुना आणि नवा कागद ताडून पाहिला, नंबर उणेकडेच चढतोय. रात्रीची पिकअप आता मी चालवतो. सिव्हिलमध्ये पडद्याची तपासणी कुठल्या वारी होते, कुणाला माहीत आहे का?