ऑपरेशननंतर डावी गोटी लहान होतेय? सोनोग्राफी किती वेळा करायची? (सल्ला हवा)

सांगलीचा_बाबा
मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा. जन्मापासून डावं वृषण पिशवीत नव्हतं, जांघेत हाताला लागायचं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "पाच वर्षांपर्यंत उतरतं आपोआप" म्हणून थांबवलं. पुढे लसीला गेलो तेव्हा नव्या डॉक्टर बाईंनी रागावून सर्जनकडे धाडलं. सव्वादोन वर्षांचा असताना ऑर्किडोपेक्सी (वृषण पिशवीत आणून बसवायचं ऑपरेशन) झाली. टाके छान भरले, गोटी पिशवीत आहे.

अडचण पुढेच. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली, डावं ०.८५ मिली. परवा दुसऱ्या सेंटरला केली तर ०.६७! वाढायचं सोडून आटतंय का? बायकोला झोप नाही. सासूबाई रोज तेल चोळा म्हणतायत. सांगली-मिरज-कोल्हापूर भागातले लहान मुलांचे सर्जन सुचवा (व्यनि म्हणजे खाजगी निरोप चालेल). आणि ही सोनोग्राफी दर किती महिन्यांनी करायची?

फिल्म_धुणारा
आधी तेलाची बाटली बंद करा.

मग दोन्ही रिपोर्ट काढा आणि लांबी, रुंदी, जाडी इथे लिहा. मिलीचा आकडा नको, मिलिमीटर हवेत. उजव्या बाजूचेही.

सांगलीचा_बाबा
पहिला रिपोर्ट: डावं १५×१०×८, उजवं १७×११×९ (१.१९ मिली).
परवाचा: डावं १६×१०×८, उजवं १७×११×९ (०.८८ मिली).
अरे, उजवंही कमी दाखवलंय की! आम्ही डाव्याच्याच मागे लागलो होतो.

फिल्म_धुणारा
तेच म्हणत होतो. तिन्ही मापांचा गुणाकार करून एका ठरावीक आकड्याने गुणतात. काही सेंटर ०.७१ घेतात, काही ०.५२. १५×१०×८ म्हणजे १२००, गुणिले ०.७१ म्हणजे ८५२ घन मिलिमीटर, हजाराने भागलं की ०.८५ मिली. १६×१०×८ म्हणजे १२८०, गुणिले ०.५२, भागिले हजार म्हणजे ०.६७. करून बघा. तुमची गोटी एक मिलिमीटरने लांबच भरलीय, आटलीबिटली नाही. पण त्या मिलिमीटरचाही आनंद मानू नका. एवढ्याशा अवयवात प्रोब जरा तिरका धरला तरी तेवढा फरक पडतो. तिन्ही मापं एकेक मिलिमीटर वाढवून पाहा: १६×११×९. ०.८५ चे १.१२ होतात, म्हणजे तिसरा हिस्सा वाढ, नुसत्या हाताच्या फरकाने.

पुढे कधी करायचीच झाली तर त्याच सेंटरला करा आणि दोन्ही बाजूंची तुलना बघा.

वॉर्ड_नंबर_सहा
मुलांच्या सर्जरी विभागात काम करते, म्हणून लिहिते. तुम्हाला "पाच वर्षं थांबा" सांगितलं ते जुनं शास्त्र. मूल पहिल्या काही महिन्यांचं असताना शरीरात हॉर्मोन्सची एक लाट येते, तेव्हा बरीचशी वृषणं आपापली उतरतात. सहा महिन्यांनंतर उतरण्याची शक्यता फार कमी, म्हणून आता ६ ते १८ महिन्यांत ऑपरेशन उरकायला सांगतात. स्वीडनमध्ये एका बाजूचं वृषण न उतरलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकावेत तसे दोन गट केले, एकाचं ऑपरेशन ९ महिन्यांना, दुसऱ्याचं ३ वर्षांना. २००७ मध्ये निकाल छापून आला. लवकर केलेल्यांचं वृषण मागची कसर भरून वाढलं, उशिरा केलेल्यांचं तसं वाढलं नाही.

तुमचा मुलगा या दोहोंच्या मधला. डावं थोडं लहान राहू शकतं, हे मनाशी धरून ठेवा. पण या वयात वृषणं तशीही फारशी वाढत नाहीत. खरी वाढ वयात येताना. तेव्हा डॉक्टर मण्यांच्या माळेशी ताडून बघतात (१ ते २५ मिलीचे १२ मणी, हाताने चाचपून जुळवायचे, सोनोग्राफीची गरजही नसते). ४ मिलीचा मणी जुळला की गाडी सुरू झाली म्हणायची.

तोवर वर्षातून एकदा सर्जनना दाखवा. ते दोनच गोष्टी बघतील: गोटी पिशवीतच आहे ना, की वर सरकली, आणि दुसऱ्या बाजूच्या मानाने फारच मऊ-बारीक तर नाही ना. अचानक दुखलं, सुजलं तर मात्र सकाळची वाट न बघता त्याच क्षणी दवाखाना.

जुना_पेशंट
माझं ऑपरेशन सातवीत झालं. डावी बाजू आजही लहान आहे. दोन मुली आहेत, एक दहावीला. एकच बाजू असेल तर बाप होण्यात सहसा अडचण येत नाही, दोन्ही बाजूंचं असेल तर प्रश्न मोठा.

मला घरात कुणी काही सांगितलंच नव्हतं. जांघेतला व्रण हर्नियाचा म्हणून सांगायचे. पंचविशीत एका डॉक्टरांनी विचारलं, आंघोळीत महिन्यातून एकदा चाचपून बघतोस का? मी गप्प. न उतरलेल्या वृषणात कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तेराव्या वर्षाआधी ऑपरेशन झालं तर साधारण दुप्पट, नंतर झालं तर पाचपट. मुळात हा कॅन्सर दुर्मीळ, आणि लवकर सापडला तर बरा होतो. पण गाठ शोधायला मुलाला माहीत तर हवं ना! तो वयात आल्यावर तुम्ही नक्की सांगा त्याला. आणि ऑपरेशनचे कागद जपून ठेवा, माझे हरवले.

सांगलीचा_बाबा
दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बायकोला गुणाकार करून दाखवला. तिने स्वतः मोबाईलवर पुन्हा केला, मग जेवली. मिरजेतल्या एका सर्जनचं नाव व्यनित आलं, शुक्रवारी दाखवतोय. तेल आता सासूबाईंच्या गुडघ्यांना.

सात_महिन्यांचा_बाळू
धागा वाचून धस्स झालं. आमच्याही बाळाचं उजवं नाहीये. बालरोगतज्ज्ञ म्हणाले सोनोग्राफी करून शोधू. करू का?

वॉर्ड_नंबर_सहा
सोनोग्राफीत वेळ घालवू नका. नाही दिसलं तर नाहीच असं धरता येत नाही, आणि दिसलं तरी ऑपरेशन चुकत नाही. मुलांच्या सर्जनचा हातच हवा. याच आठवड्यात दाखवा.