हँडशेकला 'हस्तांदोलन' लिहावं का?

आयटीआयच्या मुलांसाठी सिरियल पोर्टवर (एकेक बिट ओळीने पाठवणारी जोडणी) मराठीत नोट्स लिहितेय आणि 'हँडशेक'वर, म्हणजे दोन यंत्रं एकमेकांना 'तयार आहे', 'थांब' असं कळवतात त्या शब्दावर, दोन दिवस अडकलेय. कोशात हस्तांदोलन मिळतं, पण ते लिहिलं की मुलांच्या डोळ्यापुढे दोन माणसं येतात, तारेत काय चाललंय ते कळत नाही. आरटीएस (रिक्वेस्ट टू सेंड), सीटीएस (क्लिअर टू सेंड), डीटीआर (डेटा टर्मिनल रेडी), डीएसआर (डेटा सेट रेडी), डीसीडी (डेटा कॅरिअर डिटेक्ट) या तारांवरच्या सिग्नलना 'मोडेम नियंत्रण संकेत' लिहिलंय, ते तरी चालेल का? वर्कशॉपमध्ये खरंच काय म्हणतात तेही सांगा.

---

ताई, मी भोसरीत सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) आहे, आमच्याकडे हस्तांदोलन कुणीच म्हणत नाही, हँडशेकसुद्धा क्वचित. '४-५ शॉर्ट मार, ६-८-२० एकत्र कर', बस, म्हणजे आरटीएस-सीटीएस आपसात जोड आणि डीएसआर-डीसीडी-डीटीआर आपसात. मशीनकडे २५ पिनचा कनेक्टर असतो म्हणून हे आकडे, ९ पिनला तेच ७-८ आणि १-४-६.

माझ्या मते घोळ त्या शब्दातच आहे. हात आपण भेटल्यावर एकदा मिळवतो, मग बोलायला लागतो. त्यामुळे नवीन पोराला वाटतं की हा नुसता उपचार, जंपर (पिना आपसात जोडणारी तार) मारला की झालं. मलाही तेच वाटायचं. जुन्या व्हीएमसीला (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनला) आम्ही पीसीवरून ड्रिप फीड द्यायचो, म्हणजे मोल्डचा प्रोग्राम मेमरीत मावत नाही म्हणून कटिंग चालू असताना तो थोडा थोडा येत राहतो. केबल सारखी तुटायची म्हणून एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल लावलं, ते ३.३ व्होल्टवर चालतं आणि मशीनच्या सिरियल पोर्टला, म्हणजे आरएस-२३२ ला, अधिक-उणे व्होल्ट लागतात म्हणून मधे व्होल्ट बदलणारी मॅक्स३२३२ चिप टाकली, टीएक्स (पाठवायची तार), आरएक्स (घ्यायची तार) आणि ग्राउंड जोडलं आणि बाकी सगळे जंपर. छोटे प्रोग्राम मस्त गेले. मोठा लावला की बफर ओव्हरफ्लोचा, म्हणजे आलेला डेटा ठेवायला जागा उरली नाही असा, अलार्म, एक जॉब वाया गेला. मशीन बिचारी आरटीएस खाली घेऊन 'थांब' सांगत होती आणि ते जंपरमधून तिच्याच सीटीएसला परत जात होतं, पीसीला पत्ताच नाही.

आणि ब्लूटूथमध्ये सोय नाही असंही नाही बरं का. ब्लूटूथवरून सिरियल पोर्ट चालवायचं सिरियल पोर्ट प्रोफाइल ज्या आरएफकॉम प्रोटोकॉलवर चालतं ते नऊच्या नऊ तारांची नक्कल करतं, मोडेम स्टेटस कमांड म्हणून एक निरोपच असतो त्यात. पण या बोर्डवर पिना सहाच, ईएन, व्हीसीसी, ग्राउंड, टीएक्सडी, आरएक्सडी, स्टेट. आरटीएस-सीटीएस बाहेर काढलेलेच नाहीत. शेवटी ते दोन्ही असलेला अडॅप्टर घेतला, ४-५ चा जंपर काढला, अलार्म बंद.

म्हणून शब्द असा हवा की हे पूर्ण वेळ चालतं हे कळावं. 'विचारणा-होकार' कसा वाटतो? आणि संकेतपेक्षा 'इशारा' बरा, संकेत म्हटलं की पोरांना संकेतस्थळ आठवतं.

---

मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, त्यामुळे सीटीएस म्हणजे क्लिअर टू सेंडमधल्या 'क्लिअर'वर बोलतो. त्याचं 'स्पष्ट' केलेलं मी वाचलंय, ते साफ चूक. आमच्याकडे पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडता येत नाही, आणि ते दर गाडीला नव्याने घ्यावं लागतं. इथला क्लिअर तोच, मार्ग मोकळा. तुमचा तो जंपर म्हणजे आपलं आपणच लाईन क्लिअर घेऊन गाडी सोडणं, अंगावर काटा आला वाचून.

---

लाईन क्लिअर फारच आवडलं, नोट्समध्ये घेतेच! मग आरटीएस म्हणजे 'पाठवू का?' आणि सीटीएस म्हणजे 'पाठव', असं लिहू?

---

सीटीएस बरोबर, पण आरटीएसला थांबा. 'पाठवू का?' हा मूळ अर्थ, जुन्या हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच बाजूने बोलणाऱ्या) मोडेमच्या काळातला, तेव्हा टर्मिनल विचारायचं आणि मोडेम होकार द्यायचा. आता फ्लो कंट्रोलमध्ये, म्हणजे डेटा थांबवणं-सोडणं यात, दोन्ही बाजू आरटीएस वापरतात ते 'मी घ्यायला तयार आहे' सांगायला, नाव तेवढं जुनं राहिलं. आरएफकॉममध्ये त्या बिटाचं नाव आरटीआर आहे, रेडी टू रिसीव्ह, ते खरं. तेव्हा माझा 'विचारणा-होकार' मीच मागे घेतो, विचारणा उरलेलीच नाही. मास्तर म्हणतात तसं पुढच्याने मोकळीक द्यायची, 'मोकळीक इशारे' लिहा.

जपानी कंट्रोलच्या मॅन्युअलमध्ये नावं आणखी वेगळी असतात, डीटीआरला ईआर, डीएसआरला डीआर, आरटीएसला आरएस. त्याचा एक तक्ता द्याच, 'डीआर सिग्नल ऑफ' अलार्म आला की पोरं डीआर नावाची पिन शोधत बसतात.

---

आणि डीसीडी? कॅरिअरला 'वाहक' लिहिलंय.

---

नको, वाहक एसटीत असतो. कॅरिअर म्हणजे टेलिफोन लाईनवरची मोडेमची लहर, ब्लूटूथवर ती लहरच नाही, तिथे डीसीडीचा अर्थ पलीकडचा जोडलेला आहे एवढाच उरतो, एचसी-०५ ची स्टेट पिन कनेक्ट झाल्यावर हाय होते तसंच. 'जोडणी आहे' लिहा. रिंग इंडिकेटर (फोन वाजतोय असं सांगणारी तार) नुसता नावापुरता द्या, सीएनसीवर फोन वाजत नाही.