व्हीगन चॉकलेटला आपल्याकडे काय म्हणायचं? 'कोरं' चालेल का?

नमस्कार मंडळी, शब्द हवाय आणि जरा घाईत हवाय. आमचा यावल तालुक्यात बचत गट आहे, आतापर्यंत केळीचे वेफर, उडदाचे पापड, बिबडे असंच करत आलो, यंदा दिवाळीला पहिल्यांदा चॉकलेट केलंय. शेंगदाणे खरपूस भाजून तेल सुटेस्तोवर मिक्सरला फिरवायचे, त्यात खजूर आणि सुकेळीचे (सुकवलेल्या केळ्यांचे) बारीक तुकडे घालून लाडू वळायचे आणि वरून कोको पावडर, कोको बटर, पिठीसाखर ह्यांचं वितळवलेलं चॉकलेट. दूध नाही, तूप नाही, मधही नाही. खाताना आधी कडवट लागतं मग खजुराचा गोडवा येतो आणि शेवटी तो भाजक्या दाण्याचा वास, खरं सांगते, दुधाची आठवणही होत नाही.

सुरुवात झाली भाचीच्या मुलामुळे. त्याला दुधाची ॲलर्जी. लग्नाकार्यात सगळी पोरं पेढा-बर्फी खातात आणि हा आईकडे बघत उभा राहतो, ते मला बघवत नव्हतं. पहिला लाडू त्याने खाल्ला आणि दुसरा मागितला त्या दिवशी ठरवलं की हे करायचंच.

आता पाकिटावर काय लिहायचं? जनावरापासून आलेलं काहीच नसलेल्या अशा खाण्याला शहरातली मुलं 'व्हीगन' म्हणतात. सासूबाईंनी पाकीट हातात घेऊन विचारलं, "हाई काय शे? उपासनं शे का?" आता उपासाच्या पदार्थाला तूप-दूध चालतं आणि धान्य चालत नाही, म्हणजे हिशोब अगदीच वेगळा. 'शुद्ध शाकाहारी' लिहावं तर त्या हिरव्या ठिपक्यात दूध आणि मध दोन्ही बसतात. 'जैन' लिहावं तर त्यात कांदा-बटाटा नाही पण दूध आहे. 'वनस्पतीजन्य' लिहून बघितलं तर गटातली एकजण म्हणाली, "काय वं, लोक म्हणतील डालडा वापरू राहिल्या."

मग काल संध्याकाळी चहा करताना दूध नासलं आणि जाऊबाई सहज म्हणाल्या, "राहू दे, कोरा कर." तिथेच मला वाटलं की शब्द तर आपल्या घरात आहे! कोरा चहा, कोरी कॉफी, मग कोरं चॉकलेट का नाही? तुमचं काय मत?

(भुसावळ)
ताई, आधी 'व्हीगन' बद्दल. हा शब्द 1944 चा, इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी काढली तेव्हाचा. व्हेजिटेरियन ह्या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं (veg + an) जोडून केलेला. म्हणजे त्यांनाही जुना शब्द पुरला नाही म्हणूनच नवा करावा लागला, तुमची अडचण तीच आहे. लिहायचाच तर 'व्हीगन' लिहा, टीव्हीतला व्ही. काही ठिकाणी 'वेगन' दिसतं, ते आमच्या गावात चालायचं नाही, इथे निम्म्या घरात रेल्वेची नोकरी आहे, 'वॅगन' म्हटलं की मालगाडीचा डबाच डोळ्यासमोर येतो.

(धुळे)
'कोरं' मला पटत नाही. कोरं म्हणजे काहीच नसलेलं. कोरा कागद, कोरं कापड, कोरं मडकं. सातबारा कोरा करा म्हणतो तेव्हा बोजा काढून टाका असंच म्हणतो ना. गिऱ्हाईकाला वाटेल की ह्यात दाणे नाहीत, खजूर नाही, नुसती वडी आहे. किंवा साखर नाही असं वाटेल. त्यापेक्षा सरळ 'बिनदुधाचं' लिहा. अहिराणीत 'बिगर दूधनं' म्हटलं तर आमची आजीसुद्धा समजेल.

धागा मीच काढलाय म्हणून उत्तर देते दादा. कोऱ्या चहात साखर असते की नाही? असते. आलं असतं, गवती चहा असतो. 'कोरा' म्हटल्यावर कुणीच बिनसाखरेचा समजत नाही, बिनसाखरेचा हवा असेल तर ते वेगळं सांगावं लागतं. म्हणजे खाण्यापिण्यात आला की ह्या शब्दाचा अर्थ दुधापुरताच राहिलाय. कागदाला लागू होतं ते चहाला होत नाही. 'बिनदुधाचं' मध्ये मला खटकतं ते असं की त्यात काहीतरी कमी पडलंय असा सूर येतो. कोरा चहा मात्र लोक आवडीने मागून पितात.

(चोपडा)
शब्द काहीही ठेवा पण घटकांच्या यादीत 'बटर' असेल तर तिथेच घोळ होणार. माझ्या दुकानात बायका मागची बाजू वाचतात, बटर दिसलं की लोणी समजून परत ठेवतात. खरं तर कोको बटर म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, गायीम्हशीचा संबंध नाही. आणि उलट डार्क चॉकलेट म्हणून जे मिळतं त्यात कितीदा दुधाची भुकटी किंवा मिल्क फॅट असतं, नुसता काळा रंग बघून पोराला देऊ नका.

(नंदुरबार)
वरच्या प्रतिसादाला धरून बोलतो, ह्या 'बटर'ला आपल्या भाषेत चांगला तोडगा आहे. मराठीत लोणी आणि तूप हे दुधातूनच निघतं, झाडातून निघतं ते तेल, मग ते घट्ट का असेना. भेगाळलेल्या टाचांना लावतात ते कोकमतेल बघा, खड्यासारखं घट्ट असतं तरी त्याला कुणी कोकमचं लोणी म्हणत नाही. आमच्या सातपुड्यात मोहाच्या बियांचं तेल काढतात, थंडीत थिजतं, तरी ते तेलच. म्हणून कंसात 'कोकोच्या बियांचं तेल' लिहा. (एकच अपवाद आठवतो, तो वनस्पती तुपाचा, पण तो कारखान्याने आणलेला शब्द.)

'दूध' शब्दाचं मात्र असं नाही, तो झाडालाही चालतो. नारळाचं दूध आहेच, ज्वारीचं कणीस दुधावर आलं म्हणतो, भोपळा तर दुधीच. आणि 'चीक' घ्या, कुरडयांसाठी गव्हाचा चीक आणि व्यालेल्या गायीचाही चीक, ज्याचा खरवस करतात. शब्द एक आणि वस्तू दोन. ॲलर्जीवाल्या घरात कुणी 'चिकाची वडी' म्हणून पुढे केली तर दहादा विचारून घ्यावं.

(जळगाव)
मला 'कोरं' फार आवडलं. फक्त दोन गोष्टी सांगते, मी बेकरीचं काम करते. एक, कोरं म्हटल्याने दूध गेलं पण मध गेला असं कळत नाही, तर खाली 'दूध, तूप, मध काहीच नाही' अशी ओळ हवी. दुसरी जास्त महत्त्वाची. तुम्ही ज्या भांड्यात, ज्या मिक्सरला हे करता त्यातच पेढ्याचा खवा फिरवत असाल तर 'दुधाचा अंश असू शकतो' हेही लिहायला पाहिजे. व्हीगन खाणारा तेवढं चालवून घेईल, पण ॲलर्जी असलेल्या लेकराला तो अंशही बाधू शकतो. आणि 'व्हीगन' म्हणून विकायचं असेल तर 2022 पासून एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, वेगळे नियम आहेत, ते हिरवं व्हीचं चिन्ह मंजुरीशिवाय छापता येत नाही.

उन्हाळ्यात मात्र जपा ताई. कोको बटर 34 अंशाच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. खोबरेल घालाल तर अजून लवकर, ते 24 ला पातळ होतं.

(धुळे)
चहाचा मुद्दा पटला ताई. आमच्याकडेही पाहुण्याला 'कोरा चा' देताना साखर घालतातच, मी तसा विचार केला नव्हता. पण 'चॉकलेट' ह्या शब्दाचं काय? आपल्याकडे लिमलेटच्या गोळीलाही चॉकलेट म्हणतात आणि खऱ्या चॉकलेटला कॅडबरी. 'कोरं चॉकलेट' वाचून आजी गोळीच समजेल.

खरंय दादा, म्हणून मग लाडूच म्हणते: 'कोरा चॉकलेट लाडू'. लाडू म्हटलं की आकार कळला, दाणे-खजूर आहेत हेही ध्यानात येतं. खाली 'दूध, तूप, मध नाही', मागे 'कोको बटर (कोकोच्या बियांचं तेल)'. आणि जळगावच्या ताई, मिक्सर वेगळा घेतलाय, भाचीच्या मुलासाठी पहिल्या दिवसापासून वेगळाच ठेवलाय, खव्याला लावत नाही. शेंगदाण्याचीही ॲलर्जी असते ते ठळक लिहिणार आहे.

आता एकच राहिलं. छपाईवाला म्हणतो 'तेल' च्या आधी 'बियांचं' असं बोलल्यासारखं कशाला, 'बियांचे' करा. मला पाकीट वाचताना बाई बोलतेय असं वाटायला हवंय. परवा फायनल द्यायचंय, सांगा लवकर.

(नंदुरबार)
'बियांचं'च ठेवा. अनुस्वार ठळक उमटला पाहिजे एवढं त्याला सांगा, बारीक टाइपात तो ठिपका उडून जातो. आणि चार पाकिटं नंदुरबारला पाठवायची सोय आहे का?